माव्याची पंगत

"बोलायचं नाही, शिंकायचं नाही, आणि हसायचं तर मुळीच नाही," डॉ. रेगे म्हणाले आणि त्यांनी पंखा बंद केला.

जाळीघरात आम्ही चौघं होतो. टेबलाच्या अलीकडे मी, पलीकडे माझी मैत्रीण हिल्डा लोपीस, मधे आमचे रेगेसर, आणि दाराशी खुर्ची टाकून हाताची घडी घालून बसलेले मृदाशास्त्राचे डॉ. काटदरे. टेबलावर पडवळाची कोवळी रोपं कुंड्यांतून मांडलेली होती. एका काचेच्या बशीत पडवळाचंच एक रोगट, पिवळंहिरवं पान होतं आणि दुसऱ्या बशीत सकाळपासून उपाशी ठेवलेला मावा. हा हलवायाकडचा नव्हे. पानाच्या पाठीवर गर्दी करून रस पिणारे टाचणीच्या डोक्याएवढे किडे असतात ना, तो मावा. चित्रकाराच्या सगळ्यात बारीक ब्रशाचं टोक ओलं करायचं, त्यावर एकेक किडा अलगद उचलायचा आणि रोगट पानावर नेऊन ठेवायचा. त्याचा पाय मोडता कामा नये, सोंड तर नाहीच नाही. आणि आपला श्वास मान वळवून बाजूला सोडायचा, कारण जरा जोरात सोडला तरी सगळी मंडळी उडून जातात.

एकोणीसशे एकोणऐंशीचा जानेवारी होता. नागझरीचं आमचं संशोधन केंद्र म्हणजे कोकणातल्या एका खाडीकाठी चार कौलारू इमारती, मागे राहायच्या खोल्या आणि सगळीकडे नारळ. त्या भागात पडवळाच्या मांडवांवर दोन वर्षांपासून काहीतरी आलं होतं. पानं पिवळ्याहिरव्या ठिगळांची व्हायची, आकसायची, आणि पडवळ असं वेडंवाकडं वाढायचं की टोकाला कितीही मोठा दगड बांधला तरी सरळ व्हायला तयार नाही. रेगेसर म्हणायचे, हा विषाणू आहे आणि मावा तो झाडाझाडांवर पोचवतो. काटदरे म्हणायचे, कसला विषाणू अन् कसलं काय, जमिनीत मॅग्नेशियम कमी पडलंय. मॅग्नेशियमचं खत घाला, गप हिरवं होईल.

दोघं शेजारी राहत, एकत्र फिरायला जात आणि पाठ फिरली की एकमेकांच्या शास्त्राची कीव करत. शेवटी संचालकांनी कंटाळून सांगितलं, "मावा हा रोग लावतो एवढं मार्चअखेर दाखवा. काटदऱ्यांची खात्री पटू दे. नाहीतर प्रकल्प बंद."

प्रकल्प बंद म्हणजे मी बंद. हिल्डाची नेमणूक कायमची होती, माझी प्रकल्पापुरती. कराडला माझ्या वडिलांनी मुलींच्या शाळेत विज्ञानशिक्षिकेची जागा जूनपासून माझ्यासाठी बोलूनसुद्धा ठेवली होती. शाळा चांगली होती, मुख्याध्यापिका प्रेमळ होत्या, आणि मला तिथे जायचं नव्हतं. एम.एस्सी.ला असताना एका निरोगी पानावर आपण लावलेला रोग उमटताना मी पहिल्यांदा पाहिला, आणि त्या दिवशी मी जेवायचं विसरले होते. ज्या मुलीला जेवणाची वेळ घड्याळ न बघता कळते तिच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट होती. मला हेच करायचं होतं, जन्मभर, आणि त्यासाठी पडवळं आजारी पडणं गरजेचं होतं.

ती पडत नव्हती. आतापर्यंतचे तिन्ही प्रयोग फसले होते. माव्याला रोगट पानावर जेवू घालावं, मग निरोगी रोपांवर सोडावं, आठवडा-दीड आठवडा वाट बघावी, आणि रोपं आपली हिरवीगार, टवटवीत, तीन तीन पानं जास्त काढून उभी. इतकी निरोगी झाडं वैऱ्याच्या वाट्यालाही येऊ नयेत. रोज सकाळी मी त्यांच्यापुढे उभी राहून म्हणायची, "बाई गं, एखादा तरी डाग दाखव." काटदरे जाता जाता जाळीतून डोकावत आणि म्हणत, "तब्येत छान आहे हो तुमच्या पेशंटांची."

या चौथ्या प्रयोगाला ते स्वतः येऊन बसले होते, म्हणजे नंतर वाद नको.

आमच्या जाळीघराची एक भाषा होती. ज्या रोपांवर मावा सोडायचा ती ओवळी, आणि तुलनेसाठी बाजूला ठेवलेली, ज्यांना रोगाचं बोटसुद्धा लावायचं नाही, ती सोवळी. हे शब्द सरांचे. हिल्डा वसईची, घरचे केळीचे आणि पानवेलींचे मळे, रविवारी न चुकता चर्चला जाणारी. पण सोवळ्यातली रोपं ती ज्या कडकपणाने सांभाळायची तो बघून काटदऱ्यांच्या बायकोने, नलिनीबाईंनीही कौतुक केलं होतं. त्या दिवशी जागा कमी म्हणून सोवळ्या रोपांचा ट्रे तिच्या पुढ्यातच होता.

पहिले काही किडे पानावर बसले. सर भिंग घेऊन वाकले. बोलायची बंदी आम्हाला होती, त्यांना नव्हती. तोंडासमोर रुमाल धरून ते किड्यांशी बोलायचे.

"या, बसा. सावकाश होऊ द्या. घाई नाही."

सरांनी वीस वर्षं केळीच्या पर्णगुच्छ रोगावर काढली होती. तो रोगही मावाच पसरवतो, पण त्यासाठी त्याला रोगट केळीवर खूप वेळ रस प्यावा लागतो. म्हणून सरांचा दंडक होता की आधी कडक उपास आणि मग दिवसभर पोटभर जेवण. "अर्धपोटी उठवलेला पाहुणा काही घेऊन जात नाही, शेडगे," ते मला सांगायचे. पडवळाचा रोग केळीच्या बागांलगतच दिसू लागला होता, तेव्हा त्याचं वळणही केळीसारखंच असणार याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. आमच्याकडच्या किड्यांना म्हणून असा पाहुणचार मिळे की घरी जावयाला मिळणार नाही.

"अरे वा," सर रुमालाआडून म्हणाले. "ही बाई बाळंत झाली."

मावा सगळा बायकांचाच असतो, आमच्याकडचा तरी तसाच होता. नराची गरजच नाही. माद्या रस पिता पिता जिवंत पिल्लं घालत राहतात, कळा नाहीत की बोंब नाही.

दाराशी खुर्ची करकरली. काटदरे उठून आले. उंच, शिडशिडीत माणूस, चेहऱ्यावरची सुरकुती हलणार नाही. त्यांनी सरांच्या हातातलं भिंग घेतलं आणि वाकून बघितलं.

"इथे? पानावरच?"

"पानावरच. जेवता जेवता."

"आणि हिचे यजमान?"

"यजमान नसतात यांच्यात."

काटदरे विचारात पडले. एखाद्या मातीच्या नमुन्याविषयी विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मग आडनाव कुणाचं लावतात?"

सर तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "आईचं."

मी हिल्डाकडे बघायला नको होतं. हिल्डाचं हसू आधी आत कोंडतं, तिचे खांदे हलतात, डोळ्यांत पाणी येतं, आणि मग ते नाकातून फुटतं. मी ओठ चावला. पोटात बोटं रुतवली. मनात आजोबांचं निधन आणलं, पण आजोबासुद्धा मला हसताना दिसायला लागले. आणि हिल्डाच्या नाकातून तो आवाज आला, फुटक्या भोंग्यासारखा, आणि संपलं. आम्ही दोघी फुटलो. तिने दोन्ही हात तोंडावर नेले, तिच्या कोपराचा धक्का बशीला बसला, बशी उलटली, रोगट पान तिच्या पुढ्यातल्या ट्रेच्या मधोमध जाऊन आपटलं, आणि नुकतेच पंगतीला बसलेले सगळे किडे आमच्या हसण्याच्या वाऱ्याबरोबर सोवळ्या रोपांवर जाऊन पडले.

"हसायला केंद्र काढलंय का सरकारनं!" सर ओरडले.

त्यावर आम्ही आणखी हसलो. मला खरंच थांबायचं होतं. नोकरी जाणार होती, कराड दिसत होतं, आणि मी जाळीघराच्या फरशीवर बसून डोळे पुसत होते. मला हसू आलं की येतंच राहतं, हा आमच्या घराण्याचा रोग आहे. हिल्डा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, आणि भिंतीलाच हसू लागली. बराच वेळ गेला.

मग सरांनी आम्हाला सोवळ्या रोपांवरचे किडे वेचायला लावले. एकेक शोधून काढला, पानांच्या पाठी तपासल्या. नवी रोपं नव्हती. पेरून, उगवून, वाढवायचं म्हणजे मार्च गाठला असता.

"सोवळं मोडलं की हो, रेगे," काटदरे म्हणाले.

"काय मोडलं? पानावर बसून मिनिटसुद्धा झालं नव्हतं. एका मिनिटात काय डोंबल होणार? तुम्ही सांगा, एका मिनिटात कुणाचं जेवण होतं?"

काटदऱ्यांनी विचार केला. ते न्यायी होते. "नाही होत," ते म्हणाले. "मला मान्य आहे. हीच रोपं तुलनेला ठेवा."

दुसरा मावा आणला. तो दिवसभर जेवला. आम्ही दोघींनी नाकावर रुमाल बांधून, एकमेकींकडे पाठ करून काम केलं, आणि दुसऱ्या दिवशी ती तृप्त मंडळी ओवळ्या रोपांवर सोडली.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मला विचारू नका. सकाळी उठल्याबरोबर ओवळ्या रोपांकडे धावायचं. पान उलटं करून, उन्हाला धरून, भिंगातून बघायचं. दुपारी पुन्हा. एकदा मला एक पिवळा ठिपका दिसला आणि मी किंचाळले. हिल्डाने तो नखाने खरवडला, तर वरणाचा निघाला. मी जेवून थेट तशीच आले होते. सोवळ्या रोपांकडे आमच्यापैकी कुणी ढुंकूनही बघितलं नाही. त्यांना पाणी घालायचं आणि पुढे जायचं.

त्यामुळे ते बघितलं काटदऱ्यांनी.

ते ठरल्या दिवशी आले, ओवळ्या रांगेवरून चालत गेले, प्रत्येक पान पाहिलं. हिरवं, हिरवं, हिरवं. मग ते सोवळ्या ट्रेकडे वळले आणि थांबले.

"रेगे," ते म्हणाले, "जरा इकडे या."

सोवळी रोपं पिवळी पडली होती. कडेची दोन-चार धड होती, पण मधली झाडून सगळी. अगदी पुस्तकातल्यासारखी पिवळीहिरवी ठिगळं, आकसलेली पानं, सगळं काही.

"मजा आहे," काटदरे म्हणाले. "ज्यांना तुम्ही रोग दिलात ती धडधाकट, आणि ज्यांना दिला नाहीत ती आजारी. माव्याने रोग लागत नाही, हे तुम्हीच दाखवलंत. आता हा ट्रे माझ्या ताब्यात द्या, मी मॅग्नेशियम घालतो."

सरांसारखा मोठा माणूस असा खांदे पाडून उभा राहिला की मला रडू आलं. हिल्डा पुटपुटली, "बियांतूनच आला असेल." मी ट्रेकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघायची माझ्यात हिंमत नव्हती.

आणि बघता बघता मला ते दिसलं. आजारी रोपं कशीही विखुरलेली नव्हती. ट्रेच्या मधोमध घोळका होता, तिथून ती कडेकडे विरळ होत गेली होती. मी मनातल्या मनात हिल्डाला खुर्चीत बसवलं. तिचं कोपर कुठे होतं, तिचं नाक कुठे होतं. पान कुठे आपटलं.

"सर!" माझा आवाज इतका चिरका निघाला की बाहेरचा कुत्रा भुंकला. "सर, हिल्डा हसली तिथेच आहे!"

"काय?"

"रोग! जिथे हसली, तिथेच! पान तिथेच पडलं होतं! ते किडे सर, पंगतीतून उठवलेले! एका घासात घेतला त्यांनी! एकाच घासात!"

सर माझ्याकडे बघत राहिले. मग ट्रेकडे. मग त्यांनी कपाळावर हात मारला, आणि तो आवाज मला अजून ऐकू येतो.

"वाचलंय की मी हे!" ते म्हणाले. "अहो, कॉलेजात जाऊन शिकवतो की मी! काकडीच्या मोझॅक रोगाचं असंच असतं! किड्याने नुसती सोंड टोचली की विषाणू तिच्या टोकाला लागतो, आणि पुढच्या झाडाला टोचली की तिथे पुसला जातो! जास्त वेळ पीत बसला तर टोकाला राहतच नाही! दरवर्षी शिकवतो, परीक्षेत विचारतो, मुलांचे गुण कापतो! आणि इथे मी त्यांना दिवसभर जेवायला घालतोय! आग्रह करकरून!" ते खाली बसले. "केळी हो, केळी. वीस वर्षं केळीच डोक्यात."

"म्हणजे तुमचं म्हणणं," काटदरे हळूच म्हणाले, "की यांना जेवू घालायचं नाही, नुसतं हात धुवायला बसवायचं आणि उठवायचं."

"तेच!"

"पटत नाही," काटदरे म्हणाले. "पण पुन्हा करून बघू. आणि या वेळी मी करणार."

त्यांनी अटी घातल्या. रोपं ते निवडणार. सगळ्या रोपांना आधीच मॅग्नेशियमचं खत भरपूर घालणार, म्हणजे कमतरतेचा प्रश्नच उरणार नाही. त्यातल्या कुठल्या रोपांवर मावा सोडायचा तेही तेच ठरवणार. जाळीघराची किल्ली त्यांच्याकडे राहणार. "आणि या दोघी," आमच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "जाळीच्या बाहेर. दहा हात लांब."

नवी रोपं वाढेपर्यंत मार्च उजाडला, आणि तो संपायला फार दिवस उरले नव्हते. हा शेवटचा प्रयोग, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तो दिवस आम्ही जाळीला नाक लावून बघितला. दहा हात वगैरे कुणी पाळलं नाही. सरही आमच्यातच उभे होते. आत काटदरे घड्याळ पुढे ठेवून बसले. जन्मभर माती चाळलेले ते हात, आणि त्यात तो एवढासा ब्रश. पहिला किडा त्यांनी उचलला तो हरवलाच. नंतर तो त्यांच्या भुवईवर सापडला. पण माणूस चिवट. हळूहळू जमायला लागलं. मावा रोगट पानावर बसला, मिनिट झालं, आणि काटदऱ्यांनी फुंकर मारली. मावा हलला नाही. त्यांनी आणखी जोरात मारली. एकदा सोंड खोल रुतली की किडा तुटेल पण सुटायचा नाही.

"गुदगुल्या करा!" सर जाळीतून ओरडले.

"कुणाला?"

"तिला! ब्रशाने! पाठीवर! मग ती आपण होऊन सोंड काढते!"

काटदऱ्यांनी एकदा आमच्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असावं की ही थट्टा आहे. मग त्यांनी ब्रशाचं टोक किड्याच्या पाठीवर हलकेच फिरवलं. एकदा. दोनदा. किडा पाय झाडू लागला आणि सुटला.

"सुटली!" ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात काहीतरी नवीन होतं. "रेगे, सुटली हो! कशी पाय झाडते बघा!"

हिल्डाने माझा हात इतका घट्ट धरला की नखं उमटली. आम्ही दोघी जाळीपासून पळत सुटलो, विहिरीमागे गेलो आणि तिथे पोट धरून हसलो. काटदऱ्यांनी दुपारपर्यंत गुदगुल्या केल्या. जेवायला गेले तेव्हा नलिनीबाईंनी विचारलं, आज काय काम केलंत, आणि त्यांनी खरं ते सांगितलं. नलिनीबाईंनी ती गोष्ट संध्याकाळपर्यंत साऱ्या वसाहतीत पोचवली.

मग वाट बघणं. किल्ली काटदऱ्यांच्या जानव्याला बांधलेली, त्यामुळे आम्हाला आत जायची सोय नव्हती. जाळीतून लांबूनच पाहायचं. बाहेरून सगळी रोपं हिरवी दिसायची. मी ट्रंक भरायला घेतली, मग रिकामी केली, मग पुन्हा भरली. वडिलांना काय सांगायचं ते मनाशी घोकलं. हिल्डा म्हणाली, "चल, माझ्या घरी वसईला ये. आई वांग्याचं लोणचं घालते. खाऊन तरी जा." मी तिला म्हटलं, "मी गेले तर तुला हसवणार कोण?" मला फार वाईट वाटत होतं.

मग एका सकाळी आम्ही चहा करत होतो. बाहेरून आरडाओरडा आला. आग लागली असंच वाटलं. आम्ही पळत ओसरीवर आलो.

आंब्याखालून काटदरे धावत येत होते. अंगात बनियन, खाली पंचा, एका पायात चप्पल, जानवं पाठीवर उडतंय, किल्ली झोके खातेय.

"आला! आला! शेडगे! लोपीस! उठा! पिवळा आला!"

"सर, काय झालं?"

"आजारी पडली! माझी रोपं आजारी पडली! सगळी! मावा सोडला ती झाडून सगळी, आणि बाकीची एकूण एक हिरवी! खत घालूनसुद्धा! काय सुंदर ठिगळं पडलीत, या, या लवकर, उन्हाला धरून बघा!"

ते आमच्यासाठी थांबलेच नाहीत. तसेच रेग्यांच्या दाराशी गेले आणि दोन्ही हातांनी कडी वाजवू लागले. सर तोंडात दातांचा ब्रश घेऊन बाहेर आले. काटदऱ्यांनी त्यांना दंडाला धरलं आणि अंगणातून ओढत नेलं. शेजारीपाजारी गोळा झाले. कुणीतरी विचारलं, कोण आजारी आहे, डॉक्टरला बोलवू का, आणि हिल्डा म्हणाली, "नको नको, आजारी पडली हीच आनंदाची गोष्ट आहे." विचारणाऱ्याने तिच्याकडे दयेने पाहिलं.

नलिनीबाई पदर खोचत आल्या. गेले दोन महिने त्यांनी साऱ्या वसाहतीला छातीठोक सांगितलं होतं की आमच्या ह्यांचंच खरं ठरणार.

"अहो," त्या म्हणाल्या, "पण मग तुम्ही हरलात ना?"

"हरलो तर! साफ हरलो! तू चल तर, बघ तर खरी!" आणि त्यांनी बायकोचा हात धरला. चारचौघांत, दिवसाढवळ्या. नागझरीत असं कुणी पाहिलं नव्हतं. नलिनीबाई लाजल्या, पण गेल्या.

जाळीघरात आम्ही सगळे दाटीवाटीने शिरलो. काटदरे प्रत्येकाला ओढून ओढून एकेक पान दाखवत होते. हे बघा, इथून सुरू झालं. हे कालपर्यंत नव्हतं. ही माझी सर्वांत पहिली, हिच्यावर मी स्वतः सोडला होता, ती पाय झाडणारी. सरांनी भिंग लावलं, बराच वेळ बघितलं, आणि मान वर करून म्हणाले, "काटदरे, रोग फार छान उठवलात हो." काटदऱ्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं.

मी एका रोपाचं पान उन्हाला धरलं. हिरव्यातून पिवळं फुटत होतं, शिरांच्या कडेकडेने, कुणी आतून रंगवत बसल्यासारखं. मी पानामागून पान बघत गेले. हिल्डा काहीतरी सांगत होती, काटदरे परत पहिल्यापासून सुरू झाले होते, बाहेर कुणीतरी नारळ फोडला होता आणि खोबरं वाटत होतं.

आपली नोकरी राहिली, हे माझ्या लक्षात आलं ते दुपारी जेवताना, तेही हिल्डाने विचारलं म्हणून, की ट्रंक आता रिकामी करायची का.